बाबांच्या पोटावरची पिशवी सारखी लीक होते, कातडी सोलून निघाली, कोणाले दाखवावं?

कास्तकार_दिग्रस
नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे, संडासच्या जागेजवळ कॅन्सरची गाठ निघाली, महाशिवरात्रीच्या आसपास नागपूरले ऑपरेशन झालं अन् पोटावर उजव्या बाजूने आतडं काढून पिशवी लावून दिली. सुरुवातीले ठीक होतं, आता मात्र पिशवी सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत कडेनं गळून राहिली. आतून पातळ पिवळं पाणीच येते. आजूबाजूची कातडी लालभडक, काही ठिकाणी सोललीच आहे, हात लावला तरी बाबा ओरडतात. सुट्टी देतानी सिस्टरनं गोल कापलेला कागद दिला होता, त्याच मापानं आम्ही पिशवीचं भोक कापतो. गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं, तर मलमावर पिशवी चिकटतच नाही. पिशव्या महाग, मेडिकलवाला ऑर्डर देऊन मागवते, अन् रोज एक फेकायची म्हणजे परवडत नाही जी. बाबा आता जेवतच नाहीत, म्हणतात जेवलं की गळते. जवळपास याचा स्पेशल डॉक्टर कोण?

संत्रावाला_वरुड
भाऊ, आमच्या मामाले पण असंच झालं होतं. डेटॉलनं पुसून खोबरेल तेल लावा अन् वरून चांगला रुंद चिकटपट्टीचा पट्टा मारा, हलत नाही मग.

वॉर्डवाली_ताई
वरुडवाले दादा, राग मानू नका पण यातलं एकही करू नका. डेटॉलनं सोललेली कातडी अजून जळते, तेलावर पिशवी चिकटत नाही, अन् वरून पट्टी मारली की गळलेलं पाणी आतच कोंडून कातडी खाते.

दिग्रसवाले भाऊ, मी सर्जरी वॉर्डात नोकरी करते. उजवी बाजू अन् पातळ पाणी म्हणजे ही बहुतेक इलिओस्टॉमी, लहान आतडं बाहेर काढलेलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं असेल, पाहून घ्या. लहान आतड्याच्या पाण्यात अन्न पचवणारा रस असतो, तो कातडीवर बसला की कातडीच पचवायला लागतो. म्हणून आधी गळणं थांबलं पाहिजे, मलमाचं नंतर.

तुमच्या लिहिण्यात मला खटकला तो कागद. ऑपरेशननंतर स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, सुजलेला असतो, पुढे ६ ते ८ आठवडे तो हळूहळू लहान होत जातो. कागद सुजलेल्या दिवसाचा, स्टोमा आज लहान, म्हणजे मधे उघड्या कातडीची गोल पट्टी राहते अन् पाणी नेमकं तिथंच बसते. आज परत माप घ्या. पिशवीच्या डब्यात गोल भोकांची मापपट्टी येते, ती स्टोमावर धरून पाहा. स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटर मोठं, बस. कापल्यावर भोकाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा, कात्रीची टोकं राहिली असतील तर ती स्टोमाला टोचतात.

बदलायचं सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, तेव्हा पाणी कमी येते. जुनी चकती (पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग) ओढून काढू नका, ओल्या कापडानं कातडी दाबत दाबत सोडवा. साध्या पाण्यानं धुवा, मऊ सुती कापडानं टिपून कोरडं करा. सोललेल्या ओलसर जागेवर स्टोमा पावडर भुरभुरवा (लहान मुलांची पावडर नव्हे!), जास्तीची झटकून टाका, मग चकती लावा अन् वरून तळहात थोडा वेळ दाबून धरा, हाताच्या गरमीनं ती नीट बसते. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करा, पूर्ण भरेपर्यंत वाट पाहिली तर वजनानंच उचकटते.

दाखवायचं कुठं म्हणाल तर जिथं ऑपरेशन झालं त्याच ओपीडीत जा अन् स्टोमाचं काम पाहणारी सिस्टर कोण हे विचारा, नुसतं डॉक्टरला भेटून येऊ नका. तिकडं सोय नसली तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचं एम्स यांच्या सर्जरी विभागात विचारा. मुंबईला टाटात स्टोमा क्लिनिक आहे. स्टोमा लाल, ओला असला तर ठीक. काळा-निळा पडला, किंवा पाणी येणंच बंद होऊन पोट फुगलं, उलट्या लागल्या, तर ओपीडीची वाट न पाहता कॅज्युअल्टीत जा.

एक_पिशवीवाला
मी हिंगणघाटकडचा, माझी डाव्या बाजूले, कायमची आहे. शेती करतो, एसटीत बसतो, लग्नात जेवतो, कोणाले समजत नाही. बाबाले सांगा, जेवण सोडू नका, उपाशी पोटी गॅस जास्त होते अन् पाणी येणं काही बंद होत नाही. फक्त थोडं थोडं, चावून चावून. इलिओस्टॉमीवाल्यानं संत्र्याची फोड पांढऱ्या सालीसकट गिळू नये, मक्याचं कणीस अन् शेंगदाणेही जपून, आतडं अडकते.

अन् एक महत्त्वाचं, बाबाले फवारणीचा पंप पाठीवर घेऊ देऊ नका. १५-१६ लिटरचा पंप म्हणजे पोटावर सगळा ताण, स्टोमाच्या बाजूनं हर्निया होते. त्याचा पट्टाही नेमका पिशवीवर येते. पिशव्यांचा डबा टिनाच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात गोंद पाघळते. माठाजवळ, सावलीत ठेवा.

कास्तकार_दिग्रस
ताई, आता माप घेतलं तर कागदातलं भोक बोटभर मोठं निघालं बाप्पा! कार्डावर लूप इलिओस्टॉमी लिहून आहे. नवीन मापानं लावली. अजून एक, बाबाले तहान लय लागते, लघवी पिवळी अन् कमी होऊन राहिली. मी तर तांब्यानं पाणी देतो. बरोबर ना?

वॉर्डवाली_ताई
नुसतं साधं पाणी नको. यात मीठ वाहून जाते, साधं पाणी जास्त दिलं तर पिशवीत अजूनच पाणी वाढते. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवून दिवसभर घोट घोट द्या. बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. पिशवीतलं पाणी मापाच्या भांड्यात मोजा, २४ तासांत दीड लिटरच्या वर जात असेल, चक्कर येत असेल, तर आजच दवाखाना, सलाईन लागू शकते. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत हे पेशंट पटकन कोरडे पडतात.

लूप म्हणजे बहुतेक तात्पुरती. पुढच्या भेटीत बंद करायची तारीख विचारून घ्या, केमो चालू असेल तर उशीर होतो.

लोणारची_सून
मधेच विचारते, सासूबाईंना शुगर आहे, तळपायाला जखम पोळ्यापासून आहे, दुखत नाही म्हणून त्या चालतच राहतात. रोज ड्रेसिंग होते तरी भरत नाही.

वॉर्डवाली_ताई
दुखत नाही हीच अडचण आहे ताई, पायाची नस मेली म्हणून दुखत नाही. त्या जागेवर वजन पडत राहिलं तर कितीही भारी ड्रेसिंग करा, जखम भरत नाही. पायाचा रक्तप्रवाह, हाडात पू गेला का, शुगर, हे तिन्ही तपासून घ्या अन् पायाला आराम देणारं प्लास्टर किंवा बूट डॉक्टरकडून मागा. जखम भरल्यावर बधिर पायाला मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची चप्पल लागते. कुष्ठरोगाचं काम जिथं चालते तिथं ती बनवतात, वरोऱ्याच्या आनंदवनात विचारून पाहा. घरातसुद्धा अनवाणी नको.

कास्तकार_दिग्रस
काल सकाळी लावलेली अजून टिकून आहे. पाणी मोजलं, एक लिटरच्या आत भरलं. सोमवारी नागपूरले जातो, पावडर तिकडूनच आणतो, इथं मिळून नाही राहिली.