मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेज, अकाउंटिंग, वय ४१ आणि 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'

पंचगंगा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत असते. मूळची कोल्हापूरची, एम.कॉम. तिकडे चार वर्षं एका पतसंस्थेत होते. रोजकीर्द, टॅली, संध्याकाळी रोकड जुळवणं, मार्चअखेरीला ऑडिटरसाहेबांच्या मागे फायली घेऊन पळणं, सगळं केलंय. मग लग्न, एच-४ (नवऱ्याच्या व्हिसामुळे बायकोला मिळणारा अवलंबितांचा व्हिसा), दोन मुलं. बारा वर्षं कुठे गेली कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड हातात आलं आणि त्याच महिन्यात इथल्या काउंटी कॉलेजात अकाउंटिंगच्या असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, डिग्रीला नाव घातलं. येत्या मे महिन्यात ६० क्रेडिट पूर्ण होतील. मार्क चांगले आहेत, तो प्रश्नच नाही.

प्रश्न पुढचा आहे. सप्टेंबरपासून ४३ अर्ज केले. तीन फोन आले, इंटरव्ह्यू एक.

कॉलेजात करिअर सेंटर आहे, पण सल्लागार बाई एकच आणि अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी, तीही अर्ध्या तासाची. बाई भल्या आहेत. माझा रेझ्युमे बघून हसल्या नाहीत हेच खूप. फोटो, जन्मतारीख, 'विवाहित', नवऱ्याचं नाव आणि तळाशी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र, सहीसकट. लग्नाच्या बायोडेटात आणि त्यात फक्त रास-नाडीचा फरक होता. हे सगळं खोडण्यातच अर्धा तास संपला. उठता उठता बाईंनी विचारलं, या बारा वर्षांत काय केलंत? मी म्हटलं, काही नाही.

इंटरव्ह्यूत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटल्यावर मी कोल्हापूरपासून सुरुवात केली. पतसंस्थेबद्दल विचारलं तर प्रत्येक वाक्य 'आम्ही'ने. आम्ही जुळवलं, आम्ही बंद केलं. शेवटी तो माणूस म्हणाला, हे सगळं ठीक, पण तुम्ही स्वतः काय केलंत? घरात शिकवलंय की स्वतःची टिमकी वाजवू नये, आता एकदम 'मी मी' कसं करायचं? वर अपेक्षित पगार विचारल्यावर घाबरून पतसंस्थेतला पगार सांगितला. महिना ९ हजार रुपये. डॉलरमध्ये करून!

तर सांगा, त्या बारा वर्षांच्या जागी काय लिहू? असोसिएटवर नोकरी मिळते की पुढची दोन वर्षंही करावी लागतील? आणि हे बोलणं शिकायचं कुठे?

दगडाचा_देव

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अकाउंटिंग आता एआय करणार. त्यापेक्षा डेटा ॲनॅलिटिक्सचा कोर्स करा.

हिशोबनीस

द.दे., तुमचा एआय फेब्रुवारीत आमच्या ऑफिसला पाठवून द्या. बुटांच्या खोक्यात वर्षभराची बिलं कोंबून आणणारं गिऱ्हाईक त्याच्यासमोर बसवतो.

पंचगंगाताई, मी वीस वर्षं छोट्या टॅक्स ऑफिसांत काढली आहेत, माणसं घेण्याचं कामही माझ्याकडे असतं. आधी पगाराचं. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२० पासून मालकाला जुना पगार विचारायलाच बंदी आहे. आपण होऊन सांगितला तर मात्र कायद्याचा काही उपयोग नाही. आणि १ जून २०२५ पासून दहा किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला जाहिरातीतच पगाराचा आकडा नाहीतर पट्टा द्यावा लागतो. तो वाचून जा आणि त्यातला वरच्या बाजूचा आकडा बोला. रुपये विसरा.

दुसरं, अर्ज पाठवणं महिनाभर थांबवा आणि आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) 'व्हिटा'त नाव द्या. कमी उत्पन्नाच्या लोकांची टॅक्स रिटर्न स्वयंसेवक फुकट भरून देतात, ग्रंथालयात, कम्युनिटी सेंटरमध्ये. प्रशिक्षण फुकट, परीक्षा ऑनलाइन, ८० टक्क्यांना पास. आत्ता नोव्हेंबर आहे, माणसं गोळा करण्याचे हेच दिवस. जानेवारीअखेर ते १५ एप्रिल आठवड्याचे चार-पाच तास बसलात तर मे महिन्यात तुमच्याकडे अमेरिकेतला ताजा अनुभव असेल. माझ्यासमोर दोन रेझ्युमे आले, एकात नुसते मार्क आणि दुसऱ्यात एक व्हिटा सीझन, तर मी दुसऱ्याला फोन करतो. समोरचा माणूस गडबडलेला असताना त्याच्याकडून नीट कागद काढून घेणं हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

क्विकबुक्स या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं प्रोॲडव्हायजर सर्टिफिकेट फुकट आहे, ते डिसेंबरच्या सुट्टीत उरकून टाका. पुढे टॅक्समध्ये रस वाटला तर एनरोल्ड एजंटची (आयआरएसची मान्यता असलेल्या टॅक्स सल्लागाराची) परीक्षा आहे. तीन पेपर, प्रत्येकी १०० प्रश्न, आणि डिग्रीची अट नाही.

जुनी_पेन्सिल

हिशोबनीसांना +१.

मी दुसऱ्या राज्यात कम्युनिटी कॉलेजच्या करिअर ऑफिसातच काम करते, म्हणजे तुमच्या त्या एकट्या बाईंच्या खुर्चीत. तीन आठवडे थांबावं लागतं याचं तिलाही वाईट वाटत असेल. अर्ध्या तासासाठी जाताना एकच काम घेऊन जा. 'रेझ्युमे बघा' म्हणू नका, 'मॉक इंटरव्ह्यू घ्या' म्हणा. रेझ्युमे इमेलनेही बघता येतो, बोलण्याची तालीम समोरासमोरच होते. कॉलेजबाहेर काउंटीचं वन-स्टॉप करिअर सेंटर असतं. तेही फुकट, २०१४ च्या फेडरल कायद्याच्या पैशावर चालतं. आमचे निम्मे विद्यार्थी तिकडे फिरकतच नाहीत, बेकारभत्त्याचं ऑफिस समजतात.

अकाउंटिंगच्या प्राध्यापकांना को-ऑपबद्दल विचारलंत का? म्हणजे इंटर्नशिप करायची आणि तिचे क्रेडिट मिळवायचे. पुष्कळदा या जागा जाहिरातीत येतच नाहीत, प्राध्यापकाच्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन येतो आणि वर्गातल्या कुणाचं तरी नाव पुढे जातं. तुम्ही वर्गात सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत वक्तशीर असणार. ते नाव तुमचं असायला हरकत नाही.

आता 'मी'चं. रोकड जुळत नसेल तेव्हा पतसंस्थेत शेवटपर्यंत कोण बसायचं? तुम्हीच ना? मग 'मी बसले' हे खरं आहे, 'आम्ही बसलो' हेच खोटं. टिमकी वेगळी आणि साक्ष वेगळी. एक प्रसंग घ्या, त्यात तुमच्याकडे काय होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं, दीड मिनिटात. असे पाच प्रसंग घडवून ठेवा आणि आधी मराठीत मोठ्याने बोला. इंग्रजी नंतर येतं.

आणि 'बारा वर्षांत काही नाही' हे मला पटत नाही. कुठल्या मंडळाचं, शाळेचं, देवळाचं काही?

पंचगंगा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. द.दे., राग नाही.

मंडळाचं म्हणाल तर इथल्या मराठी मंडळाची खजिनदार मी सहा वर्षं आहे. पण ते आपलं असंच. वर्गणी, गणपतीच्या जेवणाची कुपनं, हॉलचं भाडं. तीनशे-साडेतीनशे माणसं येतात, कुणी झेल (बँकेच्या ॲपवरून पैसे) करतं, कुणी रोख देतं, कुणी 'नंतर देतो' म्हणतं. एका एक्सेलमध्ये ठेवते. वर्षाला आयआरएसचं ते ९९०-एन (छोट्या ना-नफा संस्थांचा वार्षिक फॉर्म) भरते. त्याचा काय उपयोग?

हिशोबनीस

अहो ताई!!!

जुनी_पेन्सिल

हिशोबनीस बेशुद्ध पडले असावेत, तोवर मी लिहिते. तुम्ही एका ना-नफा संस्थेच्या सहा वर्षांच्या खजिनदार आहात. बँकेशी ताळमेळ, येणी वसूल करणं, रोखीवर नियंत्रण, दरवर्षीचं फेडरल फाइलिंग. हे रेझ्युमेत 'छंद' या सदरात नाही, 'अनुभव' या सदरात जातं. बिनपगारी असल्याने ते खोटं ठरत नाही, फक्त 'स्वयंसेवक' असं स्वच्छ लिहा.

आणि एक, एम.कॉम. लिहिलं आहे ना?

पंचगंगा

काढून टाकलं. इथे चालत नाही असं मंडळातच कुणी तरी म्हणालं होतं.

जुनी_पेन्सिल

परत घाला! डब्ल्यूईएससारख्या, परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्या, मगच पुढच्या दोन वर्षांचा विचार. कदाचित ती करावीही लागणार नाहीत. करायची झालीच तर आधी बघा, तुमची डिग्री ए.एस. आहे की ए.ए.एस.? न्यू जर्सीच्या २००७ च्या ट्रान्सफर कायद्याची हमी, म्हणजे इथले क्रेडिट पुढे चार वर्षांच्या कॉलेजात धरले जाण्याची, ए.ए. आणि ए.एस.ला आहे. ए.ए.एस. थेट नोकरीसाठीची म्हणून त्या हमीत येत नाही.

पंचगंगा

ए.ए.एस. एका अक्षराने इतका फरक पडतो हे दोन वर्षांत कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

उंबरठा_१२

मध्येच घुसते आहे. मी एच-४ वर आहे, ईएडी (कामाचा परवाना) नाही, कॉलेजला जाते. मला हे व्हिटा, को-ऑप चालेल का?

हिशोबनीस

शिकायला एच-४ वर बंदी नाही. को-ऑप पगारी असेल तर ईएडीशिवाय नाही. कंपनीत 'फुकट इंटर्नशिप' करायच्या फंदातही वकिलाला विचारल्याशिवाय पडू नका, जिथे इतरांना पगार मिळतो तिथे फुकट राबणंही अंगाशी येऊ शकतं. व्हिटा हे मुळातच स्वयंसेवकांचं काम, त्यामुळे तिथे ही अडचण सहसा येत नाही. तरी तुमची केस वकिलाला दाखवा.

पंचगंगा

धागा वर काढते. व्हिटाचा फॉर्म भरला, जवळच्या ग्रंथालयातच केंद्र आहे. मॉक इंटरव्ह्यू पुढच्या मंगळवारी ११ वाजता. पहिला प्रसंग असा लिहिलाय, इंग्रजी करायचं आहे, चुका काढा:

"गणेशोत्सवात ३४० कुपनं विकली गेली. रात्री हिशोबात ४२ डॉलर कमी पडत होते. कार्यकर्ते म्हणाले, सोडून द्या. मी कुपनांच्या नंबरांवरून रोख आणि झेल वेगवेगळं लावलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फरक सापडला. पुढच्या वर्षीपासून रोखीची आणि झेलची कुपनं वेगळ्या रंगाची केली. तेव्हापासून हिशोब त्याच रात्री जुळतो."

जुनी_पेन्सिल

एकही 'आम्ही' नाही. इंग्रजी करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बघते.

दगडाचा_देव

मानलं. पण ते ४२ डॉलर होते कुठे?

पंचगंगा

अध्यक्षांच्या कुर्त्याच्या खिशात. हे मात्र इंटरव्ह्यूत सांगणार नाही.