शब्दचर्चा : ‘निगेटिव्ह फीडबॅक’ नकारात्मक कसा?

प्रश्न (खानापूर तालुका)
दहावीला संप्रेरकं शिकवते, माध्यम मराठी. ‘निगेटिव्ह फीडबॅक’चा अर्थ एका मुलीनं वहीत ‘नकारात्मक अभिप्राय’ लिहिला. स्वादुपिंडाला साखर आवडत नाही, असा तिचा समज झाला होता. ‘पुनर्भरण’ म्हटलं की पोरांना बोअरवेल आठवते. कुठला शब्द सांगावा?

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव)
बाई, अभिप्राय आधी पुसा. अभिप्राय माणूस देतो. इथं कुणाचं मत नसतं. कामाचा परिणामच मागं फिरून त्या कामाला कमी-जास्त करतो.

मुलांना गुऱ्हाळावर न्या. चरकात चार-पाच ऊस एकदम घातले की डिझेल इंजिनाचा आवाज जड पडतो. वेग उतरला की गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाची, फिरती वजनं आत येतात, डिझेल वाढतं, इंजिन सावरतं. चरक मोकळा झाला की वजनं बाहेर फाकतात, डिझेल कमी होतं. वेग चढला तर उतरव, उतरला तर चढव. दिशा उलटी, म्हणून ‘निगेटिव्ह’. हे गणितातलं ऋण आहे, वाईटपणा नव्हे. जेम्स वॉट या अभियंत्यानं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेला गव्हर्नरही असाच चालायचा.

पोटात तेच. जेवल्यावर रक्तातली साखर चढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, साखर उतरली की तेही ओसरतं. फारच उतरली तर ग्लुकॅगॉन हे त्याचं दुसरं संप्रेरक यकृतातला साखरेचा साठा मोकळा करायला लावतं. परीक्षेला ‘ऋण प्रतिभरण’ लिहू द्या. तोंडी मी ‘आवरतं प्रतिभरण’ म्हणतो. आवर घालणं मुलांना घरूनच माहीत असतं.

प्रश्नकर्ती
दादा, मग ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं, असं विचारतील.

उत्तर (निपाणी)
मी प्रसूती विभागात नर्स आहे. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबतं, त्यानं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, कळ जोराची येते, दाब आणखी वाढतो. बाळ बाहेर आलं की हे थांबतं. त्याला ‘वाढतं’ म्हणा. गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरसमोर नेला की कर्कश शीळ उठते, तेही वाढतंच. पण ती कुणाला चांगली वाटत नाही.

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव)
ताईंचा ‘वाढतं’ घ्याच. फक्त आवरतं म्हणजे कायम स्थिर, असं मुलांना सांगू नका. आवर उशिरा पोचला तर इंजिन झोके घेतं : वेग जास्त, मग कमी, पुन्हा जास्त. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं १८६८ मध्ये गव्हर्नरांवर निबंध लिहिला, त्यात हेच गणित मांडलंय. गुऱ्हाळावर गव्हर्नरचा सांधा झिजलेलं इंजिन असेल तर ते झोके नुसते कानांनी मोजता येतात.