मशेरी लावणाऱ्या गरोदर बाईचे पैसे अडवायचे?

निपाणीची वैनी: काल एका गृहस्थांनी लिहिलं, ‘मशेरी सोडत नाही तिला सरकारच्या मातृवंदना योजनेचे पैसे देऊ नका, आपोआप सुटेल.’ डोकं फिरलं वाचून. ते पैसे पोटुशी बाईच्या खाण्यापिण्यासाठी असतात. अडवलेत तर मशेरी तशीच राहील, ताटातलं दूध तेवढं जाईल. मशेरीसाठी तव्यावर तंबाखू भाजणार सासू, डबा फिरणार घरभर, आणि सोडायची एकट्या सुनेनं?

चिकोडीचा मास्तर: गृहस्थ मीच. लाडानं आजवर कोण सुधारलंय? मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली छापून आलाय. मशेरी, तंबाखूवाल्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी. त्या पोरानं कुणाकडं दाद मागायची?

वखारीशेजारी: मग तंबाखूचं पीकच बंद करा म्हणा की, मास्तर!

चिकोडीचा मास्तर: करा. माझी हरकत नाही.

वखारीशेजारी: पगारदाराला काय जातंय. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी आमची माणसं निपाणीत हायवेवर बसली, गोळीबार झाला. तवा तुमच्यातलं कोण आलं हुतं? आधी दुसऱ्या पिकाला भाव द्या, मग शहाणपण शिकवा.

विडीवालीची लेक: भाव, भाव! त्या भावात विड्या वळणारीची मजुरी कधी धरलीत? माझी आई दिवस भरेपर्यंत मांडीवर सूप घेऊन बसायची. मशेरी न लावताही तंबाखूची धूळ नाकातोंडात जायचीच. तिचेपण पैसे कापणार काय, मास्तर?

वखारीशेजारी: मजुरी कारखानदार देतो, आम्ही न्हाई. आमच्यावर कशाला घसरतीस?

विडीवालीची लेक: मग आंदोलनात आमच्या बायका पुढं कशाला लागत्यात?

खानापूरची सिस्टर: भांडण झालं असेल तर बोलू? तपासणीला विचारतात, ‘तंबाखू खाता?’ बाई नाही म्हणते. खोटं नव्हे, तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासणं. पैसे कापायला लागलात तर जी सांगते तीही लपवेल. माझी स्वतःची जाऊ गरोदरपणात सोडून बसली होती. बाळंतीण झाली, रात्रीची जागरणं, सासूनं डबा पुढं केला, झालं! निकोटिन अंगावरच्या दुधातून बाळाला जातं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाळंतपणानंतर विचारपूसच थांबते. १८००-११-२३५६ वर तंबाखू सोडायचा फुकट सल्ला मिळतो, तो नंबर तरी भिंतीवर लिहा.

चिकोडीचा मास्तर: बरं, पैसे देऊन टाका. सासूला हार पण घाला.

निपाणीची वैनी: हार नको. तिलाही तपासणीला सोबत बोलवा.

वखारीशेजारी: आणि पिकाचं काय ठरलं?