‘त्या काळी कुणाला काय ठाऊक होतं’ ही सबब पुरे झाली

अवकाशवेडा: परवा ‘तिसरी घंटा’ यांनी लिहिलं, जुन्या अंतराळपटांत विज्ञान शोधणं म्हणजे खुसपटं काढणं, कारण त्या काळी कुणाला काय ठाऊक होतं! डोकंच फिरलं. ठाऊक होतं. रॉकेटविद्येचे आद्य अभ्यासक बघा: त्सिओल्कोव्हस्कीचं रॉकेटच्या वेगाचं समीकरण 1903चं, ओबर्थचं रॉकेटवरचं पुस्तक 1923चं, गोडार्डचं द्रवइंधनाचं रॉकेट 1926चं. 1902 मध्ये मेलिएसने आपल्या चित्रपटात तोफेतून माणसं चंद्रावर डागली, त्याला सगळं माफ. पण फ्रिट्झ लांगचा चांद्रप्रवासावरचा जर्मन मूकपट ‘फ्राऊ इम मोन्ड’ 1929चा, सल्लागार खुद्द ओबर्थ. टप्प्याटप्प्याने गळणारं रॉकेट, झोपून उड्डाणाचा दाब सोसणारे प्रवासी, पाय अडकवायला पट्टे, सगळं चोख. आणि चंद्रावर? प्रोफेसर काडी ओढतो, ती पेटते, म्हणजे हवा आहे, की काढलं शिरस्त्राण! चंद्राच्या पलीकडच्या बाजूला हवा असेल हा खगोलशास्त्रज्ञ हान्सेनचा तर्क एकोणिसाव्या शतकातच निकालात निघाला होता. हे अज्ञान नव्हे, जाणूनबुजून केलेली तडजोड आहे.

तिसरी घंटा: तडजोडच, आणि योग्य तडजोड. मूकपट आहे हो तो! चेहरा हाच संवाद. सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणं चढवली तर प्रेमत्रिकोण दाखवायचा कसा? हौशी नाटकांत उमेदवारी केलीय मी. डोळे दिसले नाहीत की प्रयोग पडतो. शिवाय उलटी गणती लांगने ताण वाढवायला घातली. आज ती प्रत्येक उड्डाणाला असते, ते विसरू नका.

मास्तरीण: हवेचं सोडा, खरा घोळ तरंगण्याचा आहे. ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीत पृथ्वी आणि चंद्राची ओढ जिथे सारखी होते तेवढ्यापुरतीच माणसं तरंगतात. तो गैरसमज अजून जिवंत आहे. माझ्या मुलीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते’. वही घेऊन भेटायला गेले, तर म्हणाल्या परीक्षेत हेच लिहायचं. अहो, 400 किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असते! यान आणि माणूस एकत्र पडत असतात, म्हणून तरंगतात.

पारावरचा: चंद्राकडे वर निघालेलं यान ‘पडतं’ कसं म्हणे?

मास्तरीण: वर फेकलेला चेंडू हातातून सुटला की वर जातानाही मुक्तपतनातच असतो, म्हणजे त्यावर फक्त गुरुत्वाकर्षणाची ओढ असते. इंजिन बंद झाल्यावर यानाचंही तेच.

पारावरचा: बरं, हे पटलं. पण बाईंना झोडू नका. माझी बायको शिकवते. वर्गात साठाच्या वर पोरं, वर निवडणुकीची कामं, जनगणना, सतरा तक्ते भरायचे. पुस्तक उघडायला तरी वेळ मिळतो का?

मास्तरीण: मीही शिकवते, मलाही ड्यूटी लागते. म्हणून चुकीचं शिकवायचं? आणि दाखवलं तरी ‘हेच लिहायचं’?

पारावरचा: तुमच्या शाळेत प्रयोगशाळा असेल. आमच्याकडे तिला वर्षभर कुलूप असतं. बोलणं सोपं आहे.

मास्तरीण: चेंडू वर फेकायला प्रयोगशाळा लागत नाही.

अवकाशवेडा: शाळेचं भांडण नंतर, प्लीज. मास्तरीणबाईंचा मुद्दा 1950च्या ‘डेस्टिनेशन मून’ने बरोबर पकडला. इंजिन बंद, माणसं तरंगायला लागतात, बाहेर चालायला चुंबकी बूट. एकजण यानापासून सुटतो तेव्हा दुसरा प्राणवायूच्या टाकीचा झोत सोडत त्याच्यापर्यंत पोहोचतो. थरार तिथे विज्ञानातूनच येतो.

तिसरी घंटा: आणि त्याच चित्रपटात चंद्राच्या जमिनीला चिखल वाळल्यासारख्या भेगा! चंद्राची दृश्यं रंगवणाऱ्या बोनेस्टेलसारख्या चित्रकाराला त्या पटल्या नव्हत्या, तरी सेट खोल वाटावा म्हणून कलादिग्दर्शकाने घातल्याच. तुमच्या लाडक्या चित्रपटाला ही सूट चालते वाटतं?

अवकाशवेडा: नाही चालत. भेगा चुकीच्याच, लिहून घ्या. पण मूकपटाची ढाल पुढे करू नका. 1936चा सोव्हिएत ‘कोस्मिचेस्की रेइस’ मूकपटच आहे आणि त्यात चंद्रावर माणसं शिरस्त्राणं घालूनच हिंडतात. त्सिओल्कोव्हस्कीने त्यासाठी आराखडे काढून दिले होते. उड्डाणाचा दाब सोसायला प्रवासी द्रवाने भरलेल्या टाक्यांत शिरतात. चंद्रावरच्या लांब उड्या बाहुल्या थोड्या थोड्या हलवून, एकेक चित्र टिपून घेतल्यात. कुणी नावही काढत नाही त्याचं, याचाच जास्त राग येतो.

तिसरी घंटा: पाहिला रात्री. उड्या झकास आहेत, शिरस्त्राणंही खटकली नाहीत, कबूल. पण त्यातल्या एकाचाही चेहरा आठवत नाही, आणि लांगच्या नायिकेचा आठवतो. हवा खोटी असली तरी मी तोच पुन्हा बघणार.