डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले, पयल्यासारखा कधी होईन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, वय ३४, चार एकर कोरडवाहू. दिवाळीपासून माझं बिनसलं, झोप नाही, जेवण नाही, कापूस घरात येऊन पडला तरी त्याच्याकडे पाहावंसं वाटे ना. मोठे बाबा म्हणे बाहेरचं आहे, दोन ठिकाणी नारळ ठेवून झाले. शेवटी बायकोनं १४४१६ ले फोन लावला (टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात) अन् मग सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाल्या डॉक्टरले दाखवलं. डिप्रेशन निघालं. मार्चपासून गोळी चालू आहे.

फरक आहे, खोटं कायले बोलू. पयले तीनेक आठवडे नुसती मळमळ, मग झोप लागायले लागली. पण आता डवरणी (बैलांनी पिकातली कोळपणी) चालू आहे अन् परवा मी डवरा घेऊन गेलो तर चार तास (घड्याळाचे नाही, वावरातले, म्हणजे ओळी) झाले नाही का हातपाय गळाले, बैल उभे करून धुऱ्यावर बाभळीखाली बसलो. बैल माझ्याकडे पाहून रायले, मी बैलाकडे. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं इचारलं, काऊन बे, बैल थकले का तू? मी म्हटलं बैल.

लोकांचा राग नाही येत तेवढा माझा मलेच येते. मागच्या साली हाच माणूस दिवस बुडेपर्यंत थांबत नव्हता. चार महिने झाले, अजून किती? वाटते गोळीच बंद करून पाहावी, तिच्यामुळंच तर अंग जड नसन? कोणी ह्याच्यातून गेलं असन तर सांगा, स्वतःले कसं समजावलं. 'पॉझिटिव्ह राहा' सोडून काही पण सांगा.

प्रतिसाद १: दादा, मनानं गोळी बंद करू नका, हात जोडतो. बरं वाटलं म्हणून मी दुसऱ्याच महिन्यात सोडली होती, आठ दिवसांत चक्कर, चिडचिड, अन् मग सारं पयल्यापासून. डॉक्टरनं तेव्हा सांगितलं का बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने तरी घ्यावी लागते, अन् सोडतानाही हळूहळू कमी करत. अंग जड वाटते ते त्यांनाच सांगा, डोस नाहीतर घ्यायची वेळ बदलून देतात.

प्रतिसाद २: भाऊ, मी बाळंतपणानंतर ह्यातून गेली. मले वाटे एक दिवस सकाळी उठीन अन् एकदम चांगली असीन, तसं काही होत नाही बाप्पा. मागच्या सालच्या तुमच्यासंग तुलना कायले करता, फेब्रुवारीतल्या तुमच्यासंग करा. अन् आपलं आपल्याले दिसत नाही, वहिनीले इचारा काय बदललं ते. डवरणीचं म्हणाल तर पाच तास ठरवून जा, पाच झाले का घरी. सहावा जमत असला तरी नको, नाहीतर दुसऱ्या दिवशी उठवत नाही. थांबणंच जास्त जड जाते, करून पाहा.

धागाकर्ता: बायकोले इचारलं. म्हणे, परवा वरणात मीठ कमी आहे म्हणून तुम्ही कुरकुर केली तर मले बरंच वाटलं, हिवाळाभर जे वाढलं ते मुकाट्यानं गिळत होते. आज पाच तास केले अन् बैल सोडले. बाकीचं भाऊ डवरून देते म्हणे. गोळी चालूच आहे, अंग जड राहते ते पुढच्या तारखेले डॉक्टरले सांगतो.