'एस्किमो', 'इनुइट' आणि गळ्यातला बिल्ला

प्रश्न: मुलीच्या वहीत बाईंनी 'एस्किमो' खोडून 'इनुइट' केलंय. आम्ही तर शाळेत एस्किमोच शिकलो. दोन्ही एकच ना? आणि 'इग्लू' तरी बरोबर आहे का?

उत्तर: बाईंचं बरोबर आहे. 'एस्किमो' हे त्यांना इतरांनी दिलेलं नाव. त्याचा अर्थ 'कच्चं मांस खाणारे' असा सांगत आले, बरेच भाषातज्ज्ञ मात्र 'बर्फावर चालायच्या पादत्राणांची जाळी विणणारे' असा लावतात. अर्थ कोणताही घ्या, कॅनडात आणि ग्रीनलंडमध्ये तो शब्द लोकांना नकोसा आहे. फक्त सरसकट बदलू नका. अलास्कातल्या युपिक लोकांनाही एस्किमो म्हणत, पण ते इनुइट नव्हेत.

'इनुइट' म्हणजेच माणसं, म्हणून 'इनुइट लोक' ही द्विरुक्ती होते. एकटा असेल तर इनुक, दोघं असतील तर इनूक, पुढे इनुइट. संस्कृतातलं द्विवचन मराठीनं सोडलं, त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत ते अजून बोलतात! 'इग्लू' म्हणजे नुसतं घर, लाकडाचंही चालतं. बर्फाच्या घराला त्यांचा शब्द 'इग्लुवियाक'.

प्रश्न: त्यांना सरकारनं नंबर दिले होते म्हणतात, ते खरं का?

उत्तर: खरं आहे, आणि ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं. त्यांच्यात आडनाव नव्हतं. मिशनऱ्यांनी बाप्तिस्म्याची नावं दिली, कारकुनांना मूळ नावं लिहिता येईनात. मग 1941 पासून कॅनडा सरकारनं नाण्याएवढे बिल्ले वाटले. पूर्वेकडच्यांचा नंबर 'ई'नं सुरू व्हायचा, पश्चिमेकडच्यांचा 'डब्ल्यू'नं. बिल्ला गळ्यात घालायचा किंवा कपड्याला शिवायचा. कागदोपत्री माणूस म्हणजे तो नंबर. 1968 ते 1971 मध्ये एब ओकपिक हे इनुक गावोगाव फिरले आणि घरोघरी आडनावं नोंदवून घेतली, त्यानंतर हे हळूहळू थांबलं.

पण आडनाव आलं तरी जुनं नातं त्यात मावत नाही. नावाला ते 'अतिक' म्हणतात. गेलेल्या माणसाचं नाव बाळाला ठेवलं की त्याची नातीही बाळाकडे येतात. आईनं आपल्या गेलेल्या वडिलांचं नाव मुलाला दिलं असेल तर ती त्या मुलाला 'अताता', म्हणजे बाबा, अशी हाक मारते. मुलगा-मुलगी हा भेदही नाही. आजोबांचं नाव नातीला चालतं. हे नंबरात कसं बसावं?

आणखी एक प्रतिसाद: आमच्या थोरल्याचं पाळण्यातलं नाव सासऱ्यांचं. सासूबाईंनी ते कधी उच्चारलं नाही, 'अण्णा' म्हणायच्या. त्यानं कितीही दंगा केला तरी त्याच्यावर हात उगारू द्यायच्या नाहीत.

उत्तर: अगदी हेच! थोरांचं नाव असलेल्या मुलाला इनुइटसुद्धा सहसा रागवत नाहीत.