मेन बेअरिंगचा क्लिअरन्स: तीन ठिकाणी बरोबर, एका ठिकाणी जास्त

सातारचा_ट्रॅक्टर:
नमस्कार मंडळी, तीन सिलेंडरच्या ट्रॅक्टरचं इंजिन खोललंय. क्रँक (क्रँकशाफ्ट) ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइज (मूळ मापापेक्षा बारीक) केलाय, शेलही (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) नवीन त्याच साइजचे. ब्लॉक उलटा ठेवून हिरवी प्लॅस्टिगेज (दबून किती रुंद होते त्यावरून क्लिअरन्स, म्हणजे फट, दाखवणारी मऊ तार) लावली, चारही मेन कॅप (बेअरिंगवरची झाकणं) ठरलेल्या टॉर्कला कसल्या आणि परत खोलून बघितलं तर १, २, ४ नंबरला ०.०५ मिमीच्या आसपास येतंय, पण ३ नंबरला तार इतकी कमी दबलीये की पाकिटावरच्या ०.०७६ च्या खुणेपेक्षाही बारीक पट्टी दिसते. मॅन्युअलच्या लिमिटबाहेर आहे हे. मिस्त्री म्हणतो क्रँक हाताने मस्त फिरतोय, बसवून टाका. काय करू?

डिझेल_काका:
बसवू नका! हाताने फिरवून फक्त टाइट आहे का तेवढं कळतं, लूज असेल तर उलट अजूनच मोकळा फिरणार ना. आणि बेअरिंगमधून ऑईल किती निसटतं ते क्लिअरन्सच्या घनात वाढतं, म्हणजे क्लिअरन्स दुप्पट झाला की गळती साधारण आठपट. इंजिन तापून ऑईल पातळ झालं की आयडलला (इंजिन रिकामं हळू चालताना) ऑईल प्रेशर पडणार.
पण आधी मोजणी पक्की करा. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) आणि शेल कोरडे होते का, कारण प्लॅस्टिगेज ऑईलमध्ये विरघळते. कॅप कसल्यावर क्रँक जरासुद्धा फिरला नव्हता ना? कॅपवरचे पंच केलेले नंबर आणि दिशा बघा, २ ची कॅप ३ ला गेली तरी रीडिंग चुकतं. मग २ आणि ३ चे शेल अदलाबदल करून परत लावा, जास्तीचा क्लिअरन्स शेलसोबत २ नंबरला गेला तर शेल खराब, ३ लाच राहिला तर जर्नल नाहीतर हाउसिंग (शेल बसतो ते ब्लॉकमधलं भोक).

लेथवर_असतो:
काकांशी सहमत, पण शेवटचा निर्णय मायक्रोमीटर आणि बोअर गेजवर (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) घ्या. जर्नल दोन्ही टोकांना आणि ९० अंशात फिरवून मोजायचा म्हणजे टेपर (एका टोकाला बारीक) आणि ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) दोन्ही सापडतात. मग मायक्रोमीटर जर्नलच्या साइजला लॉक करून त्यावरच बोअर गेज झिरो करा, शेल घालून कॅप पूर्ण टॉर्कला कसा आणि उभ्या रेषेत मोजा, जे दिसेल तोच क्लिअरन्स. कॅपच्या जोडाजवळ मोजू नका, तिथे शेल मुद्दाम पातळ केलेला असतो. आणि क्रँक उन्हात ठेवलेला असेल तर आधी गार होऊ द्या, ६० मिमीच्या जर्नलला १० अंशांत ७ मायक्रॉनचा फरक पडतो.

सातारचा_ट्रॅक्टर:
काका, कॅपचे नंबर बरोबर होते, शेल बदलून बघितले तरी ३ नंबरच लूज. आज मायक्रोमीटरने मोजलं, ३ चा जर्नल बाकीच्यांपेक्षा ०.०३ ने कमी आहे. हाउसिंग चारही सारखे. मिस्त्री आता म्हणतोय शेलच्या मागे पातळ पत्रा घालू.

लेथवर_असतो:
पत्रा अजिबात नको! शेलची उष्णता हाउसिंगमध्ये जाते ती अडते आणि पत्रा सरकला तर ऑईलचं भोक बंद. कॅपला कानस मारायचं कोणी सुचवलं तर तेही ऐकू नका, बोअर गोल राहत नाही. जास्त घासलेला जर्नल परत भरत नाही, म्हणून चारही मेन जर्नल ०.५० अंडरसाइजला घ्या, शेल सेटनेच मिळतात. ग्राइंडिंगवाल्याला तुमची रीडिंग लिहून द्या आणि हातात शेलचा नवीन सेटही द्या म्हणजे तो त्यावर साइज मिळवेल. कोपऱ्यातला रेडियस तसाच ठेवायला सांगा, तिथे धार राहिली की क्रँक तिथूनच तुटतो. आणि हार्डनेस चेक करूनच घ्या, क्रँक नायट्राइड केलेला (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेला) असेल तर कडक थर खूप पातळ असतो, ग्राइंडिंगमध्ये गेला असेल तर परत करून घ्यावा लागतो.

डिझेल_काका:
आणि परत आणल्यावर ऑईलची भोकं ब्रशने आणि डिझेलने धुवा, ग्राइंडिंगची वाळू आत राहते. मगच परत प्लॅस्टिगेज लावा, चारही नंबरला.